गरम झाली की बंद पडते: कुर्ल्याची पद्मिनी, भाईंदरचा गाळा आणि उसाचं पेट्रोल

आजचा भाग एका इंजिनाबद्दल आहे. चार सिलिंडर, 1089 सीसी. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, पिस्टनचा स्ट्रोक 75 मिलिमीटर. हे दोन आकडे लक्षात ठेवा. 1937 साली इटलीत फियाट कंपनीने 508 सी नावाची गाडी काढली, दान्ते जाकोसा या इंजिनिअरच्या देखरेखीखाली. तिच्या इंजिनाचे आकडे हेच होते. आणि 1990च्या दशकात कुर्ल्यात बनलेली पेट्रोलवरची प्रीमियर पद्मिनी उघडलीत, तर आतही हेच आकडे निघतात. मधे दुसरं महायुद्ध झालं, देश स्वतंत्र झाला, माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि हे इंजिन आपलं 68 गुणिले 75.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पद्मिनी पाहिली असेल ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून. तीही आता दिसत नाही. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवली गेली होती. म्हणजे 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे शून्य. त्या दिवशी सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण टॅक्सी गेली म्हणजे गाडी गेली असं नाही. खासगी पद्मिनी अजून आहेत, कव्हरखाली, सोसायट्यांच्या कोपऱ्यात. त्यातली एक माझ्या मामाची आहे. 1984 ची. मीरा रोडच्या सोसायटीत ती अकरा वर्षं उभी होती, आणि यंदा कमिटीने नोटीस लावली की बंद गाड्या गणपतीच्या आत हलवा, नाहीतर भंगारवाला बोलावू. मामा काही बोलला नाही. फक्त खाली जाऊन बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मग काय, गाडी टो करून भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात नेली.

या गाळ्यांबद्दल एक वाक्य सांगतो. भाईंदर म्हटलं की जुन्या लोकांना मिठागरं आठवतात, आणि नंतरच्यांना स्टीलच्या भांड्यांचे कारखाने. त्या छोट्या इंडस्ट्रियल गाळ्यांमधेच लेथवाले, वेल्डिंगवाले, पॉलिशवाले आहेत, आणि अधेमधे एखादं गॅरेज. जुन्या गाडीला हे वातावरण सोन्यासारखं. पार्ट मिळत नसला तर चार दारं पलीकडे बनवून मिळतो.

आता मूळ प्रश्न. बोअरचं काम झालं, नवे पिस्टन-रिंग बसले, वॉल्व्ह ग्राइंड झाले. गाडी सकाळी एका सेल्फमधे चालू. आयडलिंग छान. घोडबंदर रोडला काढली की वीस-पंचवीस मिनिटं मस्त पळते, मग मिसिंग, मग दोन झटके, आणि बंद. अर्धा तास थांबा, पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही.

हे ऐकल्यावर पंचेचाळीस वर्षांपुढचा कुठलाही माणूस एकच उत्तर देतो: "पंपावर ओला फडका टाक." जवळजवळ लोकगीतच आहे ते. पण गाळ्यातले काका, ज्यांनी वयाच्या चौदाव्या वर्षापासून टॅक्सी गॅरेजमधे हात काळे केले, ते फडक्याच्या वाटेलाही गेले नाहीत. मला म्हणाले, "फडका नंतर. आधी सांग, बंद पडली तेव्हा करंट होता का?"

काकांच्या या प्रश्नात जुन्या गाडीचं सगळं निदान आहे. नव्या गाडीत मेकॅनिक स्कॅनर लावतो आणि गाडी स्वतःच कोड सांगते. पद्मिनीला कॉम्प्युटर नाही. तिला तीन गोष्टी लागतात: सिलिंडरमधे दाब, वेळेवर ठिणगी, आणि योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल. गाडी बंद आहे म्हणजे यातलं काहीतरी एक गेलंय. कुठलं, ते ती बंद पडलेली असतानाच शोधायचं. थंड झाल्यावर सगळंच बरोबर दिसतं. तापाच्या पेशंटला ताप उतरल्यावर तपासण्यासारखं ते.

पण मधेच थांबतो, कारण हे इंजिन कुर्ल्यात आलं कसं ही गोष्ट निदानाला लागून आहे.

1920च्या दशकाच्या शेवटी मुंबईत मोटारी जोडल्या जाऊ लागल्या होत्या. जनरल मोटर्सने 1928 मधे शिवडीला असेंब्ली सुरू केली. पेट्यांमधून सुटे भाग यायचे, इथे जोडायचे. बनवायचं काही नाही. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांना हे पटत नव्हतं. सर विश्वेश्वरय्या आणि ते, दोघेही 1930च्या दशकात भारतीय मोटार कारखान्याच्या मागे लागले होते. इंग्रज सरकारने दाद दिली नाही. वालचंद अमेरिकेला गेले, फोर्डशी बोलणी जमली नाहीत, क्रायस्लरशी जमली. शेवटी 1944 ला प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि 1947 पासून कुर्ल्यातून डॉज, प्लायमाउथ, डिसोटो अशा गाड्या आणि ट्रक बाहेर पडू लागले. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी करार झाला. आधी छोटी 500, मग 1954च्या आसपास 1100. गोल नाकाची ती जुनी 1100 म्हणजे आपल्या आजोबांची 'डुक्कर फियाट'. नाव प्रेमाचंच आहे हां.

आणि मग 1953 साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेले. राहिले मोजके. आयात बंद, परवाना असल्याशिवाय कारखाना वाढवता येत नाही, काही वर्षं तर गाडीची किंमतसुद्धा सरकार ठरवत होतं. स्पर्धा नाही, तर इंजिन बदलायचं कशाला? 1964 ला 'डिलाइट' आली, 1970च्या दशकात तीच आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग 1974 पासून पद्मिनी झाली. नाव राणीचं, इंजिन 1937 चं.

याबद्दल आपण लायसन्स राजला शिव्या देतो, आणि द्यायलाच हव्यात. गाडी बुक करून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी घरच्यांसाठी फियाट घेतली, किंमत 12,000 रुपये, त्यातले 5,000 पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज. ते फिटायच्या आत शास्त्रीजी गेले आणि ललिताबाईंनी ते पेन्शनमधून फेडलं. कुर्ल्याचा कारखाना ज्या रस्त्यावर होता, त्या आग्रा रोडला पुढे शास्त्रीजींचंच नाव मिळालं. एलबीएस मार्ग. आता तिथे टॉवर आहेत.

पण एक गोष्ट मान्य करू या. चाळीस-पन्नास वर्षं एकच इंजिन चाललं म्हणून मुंबईत एक पूर्ण पिढी तयार झाली जिला या इंजिनाचा प्रत्येक बोल्ट पाठ होता. कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार, प्रत्येक टॅक्सी स्टँडच्या मागचं गॅरेज, ही सगळी एक शाळाच होती. फी नाही, वर्ग नाही, शिव्या भरपूर. आमचे काका त्या शाळेतले. आणि त्या शाळेत आता नवीन विद्यार्थी नाही. गाळ्यात एक मुलगा आहे, एकोणीस वर्षांचा. तो इंजेक्शनच्या गाड्या हुशारीने करतो, पण कार्बोरेटर उघडला की काकांकडे बघतो.

तर आता करंट.

आम्ही गाडी घेऊन काशिमीऱ्याच्या पुढे निघालो, मुद्दाम दुपारी. अपेक्षेप्रमाणे तेविसाव्या मिनिटाला मिसिंग. काकांनी बाजूला घ्यायला लावली. वेळ घालवायचा नाही. एका प्लगची वायर काढली, तिच्यात जास्तीचा एक प्लग खोचून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. सकाळी थंड इंजिनावर याच प्लगला निळी, टच्च आवाजाची ठिणगी होती. आता पिवळट, बारीक, मधेच गायब.

म्हणजे पेट्रोलचा नाही, निदान फक्त पेट्रोलचा नाही. फडका टाकत बसलो असतो तर अर्धा तास गेला असता, तेवढ्यात इंजिन थंड झालं असतं, गाडी चालू झाली असती आणि आम्ही म्हटलं असतं, बघा, फडक्याने झालं! पद्मिनीबद्दलच्या निम्म्या अफवा अशाच जन्मल्या असाव्यात असं माझं मत आहे.

पिवळी ठिणगी का? बॅटरी 12 व्होल्टची. प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. ते काम कॉइल करते. कॉइलमधून करंट वाहत असतो आणि डिस्ट्रिब्युटरमधला छोटा पॉइंट उघडून तो अचानक तोडतो. तोडणं जितकं झटक्यात, तितकी ठिणगी जोरदार. पण करंट असा सहज तुटत नाही, तो पॉइंटच्या फटीतूनच उडी मारायला बघतो. ते होऊ नये म्हणून शेजारी एक कंडेन्सर असतो, करंगळीच्या पेराएवढा डबा. उडी मारू बघणारा करंट तो पोटात घेतो. हा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देऊ लागला, तर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच उडते. काकांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं, मला पुन्हा सेल्फ मारायला लावला, आणि पॉइंटवर हात धरून सावली केली. छोटी छोटी वेल्डिंग चालल्यासारखं चमकत होतं.

कंडेन्सर नवा होता, बरं का. महिन्यापूर्वीच एका दुकानातून आणलेला, चकचकीत डबीतला. काकांनी तो काढला, हातावर वजन करून बघितलं आणि म्हणाले, "आत कागदच नसेल याच्यात." मग त्यांच्या ड्रॉवरमधून एक जुना काढला. एका मोडीत गेलेल्या टॅक्सीचा. जुन्या गाडीत 'नवीन पार्ट आहे, म्हणजे तो नसणार' असं कधी धरायचं नाही. ज्या वस्तूची मागणी संपली तिची नक्कल मात्र बनत राहते, हा बाजाराचा विचित्र नियम आहे.

जुना कंडेन्सर बसला, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, फट फीलर गेजने लावली, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित कमी. टायमिंग पाहिलं. पुन्हा दुपारी निघालो. तेवीस मिनिटं गेली. तीस गेली. वर्सोवा पुलाच्या अलीकडे ट्रॅफिक लागला, इंजिन तापलं, आणि चाळिसाव्या मिनिटाला पुन्हा तेच. झटके आणि बंद.

मला वाटलं, गेली मेहनत. काकांना मात्र आनंद झाला. "आता एकटाच चोर उरला," म्हणाले. प्लग टेकवला, ठिणगी निळी. मग एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारली आणि अॅक्सिलरेटरची कांडी हाताने ओढली. एरवी ओढली की आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसते. दिसली नाही. टाकीचं झाकण उघडलं, फुस्स आवाज आला नाही, म्हणजे टाकीला हवा मिळतेय. राहिला पंप आणि पाइप.

पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्याच अंगाला बोल्टने बसवलेला. मेकॅनिक लोक त्याला 'एसी पंप' म्हणतात, थंड हवेशी काही संबंध नाही, ते एका जुन्या ब्रँडचं नाव आहे. आत रबराचा पडदा, कॅमशाफ्ट एक दांडी हलवते, पडदा वरखाली होतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढून आणतो, हा शब्द महत्त्वाचा. ओढताना पाइपमधला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पंप इंजिनामुळे तापलेला. पेट्रोलची वाफ होते, पंप वाफेलाच ढकलत बसतो, कार्बोरेटर कोरडा. हाच तो व्हेपर लॉक. इथे फडक्याचं शास्त्र एकदम बरोबर आहे. आजोबांची चेष्टा करायची नाही.

पण मामा म्हणतो की 1984 पासून त्याने ही गाडी महाबळेश्वरपर्यंत नेली, मे महिन्यात, आणि फडका लागला तो दोनदा. आता दर चाळीस मिनिटांनी लागतोय. काय बदललं?

पेट्रोल बदललं. दोनदा बदललं. पहिल्यांदा शिसं गेलं. 1995 मधे महानगरांत शिसंविरहित पेट्रोल आलं आणि फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसं बंद. चांगलंच झालं, ते शिसं आपल्या फुप्फुसात जात होतं. दुसरा बदल इथेनॉलचा. 2022 पर्यंत दहा टक्के, फेब्रुवारी 2023 पासून वीस टक्क्यांचं ई-20 पंपांवर येऊ लागलं. आधीचं लक्ष्य 2030 होतं, ते अलीकडे ओढून 2025 केलं गेलं.

इथेनॉलची एक गंमत आहे. शुद्ध इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी उडतं. पण पेट्रोलमधे थोडं मिसळलं की मिश्रण मूळ पेट्रोलपेक्षा जास्त उडतं. म्हणजे वाफ लवकर. दुसरं, इथेनॉलमधे मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. ई-20 ला साधारण सात-आठ टक्के. नवीन गाडीचा सेन्सर हे ओळखून इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. पद्मिनीच्या कार्बोरेटरला पितळेचा जेट आहे, एक भोक. भोकाला काय कळणार? मिश्रण पातळ होतं, प्लग पांढरे पडतात, इंजिन जास्त तापतं, आणि तापलं की पुन्हा वाफ. तिसरं, जुन्या रबराला इथेनॉल फुगवतं, आणि ते हवेतलं पाणी धरून ठेवतं. भाईंदरला खाडीची हवा, अकरा वर्षं उभी गाडी, पत्र्याची टाकी. आत गंज असणारच, आणि इथेनॉल तो सोडवून पुढे पाठवतं.

काकांनी पंप उघडला. रबराचा पडदा फुगून चिवट झालेला, कडेला बारीक भेग. जाळीत तपकिरी पूड. वाफ, भेग आणि कचरा, तिघे मिळून एक चोर.

आता इतिहासाचा एक योगायोग सांगतो, जो सापडल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय. आपल्याकडे इथेनॉल येतं मोठ्या प्रमाणावर उसापासून, आणि त्यात महाराष्ट्र आघाडीवर. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे, मालेगाव तालुक्यात रावळगाव. दोन्हीकडे माळरानावर ऊस उभा करून साखर कारखाने काढणारा माणूस कोण? तेच, वालचंद हिराचंद. एकाच माणसाने राज्यात मोटार कारखाना काढला आणि साखरेचे मळेही. 1953 मधे ते गेले. त्यांच्या मोटारीच्या पंपातलं रबर सत्तर वर्षांनी उसाच्या रसाने खाल्लं जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

इथेनॉल बंद करा असं मी म्हणत नाहीये. शेतकऱ्याला पैसा मिळतो, तेलाची आयात कमी होते, हे खरंच आहे. पण जुन्या गाडीवाल्याला काय करायचं ते कोणीतरी सांगायला हवं ना. आम्ही केलं ते सांगतो. पंपात व्हिटॉनचा पडदा, त्याला इथेनॉल चालतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे त्याच जातीचे. पाइप इंजिनापासून बोटभर लांब घेतला आणि पंपामागे पत्र्याची छोटी ढाल, शेजारच्या भांडीवाल्याच्या कारखान्यातल्या स्टीलच्या कपातीतून. मेन जेट एक नंबर मोठा. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर, म्हणजे कचरा डोळ्यांना दिसेल. आणि रेडिएटरमधे बोअरचं खारं पाणी कधीही नाही. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा पण हेड अॅल्युमिनियमचं आहे, खाऱ्या पाण्याने ते आतून कुरतडलं जातं. कूलंट घाला, दोनशे रुपये वाचवू नका.

यानंतर गाडी घोडबंदरला दीड तास चालली. जूनच्या उकाड्यात, ट्रॅफिकसकट. परत येताना मामा चालवत होता. गिअर स्टिअरिंगला, ते त्याचा हात विसरला नव्हता. मी शेजारी बसून घड्याळ बघत होतो, तर म्हणाला, "मोजू नकोस रे, नजर लागते."

कागदांचं अजून बाकी आहे. 2021 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या खासगी गाड्यांना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. मामाची गाडी त्यात बसेल 2034 ला. तोवर तीन अक्षरांची जुनी नंबरप्लेट, फिटनेस आणि ग्रीन टॅक्स. आणि टाकी. ती अजून उतरवलेली नाही. पारदर्शक फिल्टरच्या तळाला चार दिवसांतच पुन्हा तपकिरी रेघ दिसायला लागलीय. काका म्हणाले रविवारी ये, मूठभर बारीक नटबोल्ट आत टाकून टाकी हलवायची आहे, दोन माणसं लागतात. गाळ्यातला तो एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणाला, मी पण थांबतो.